अठरा, सहा की तीन? : पायथन संगणकभाषा आणि मराठी मजकूर यांच्या संबंधाचा इतिहास

प्रस्तावना

‘निलंगा’ या गावनावात अक्षरे किती, असा प्रश्न प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्याला विचारला, तर तो ‘नि-लं-गा’ असे म्हणून तीन बोटे मोजेल. हाच प्रश्न पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीला विचारला असता साध्या नोंदीसाठी उत्तर अठरा येत असे. तिसऱ्या पिढीला विचारला, तर ते सहा येते. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. ती वेगवेगळी का येतात याचा शोध घेऊ लागले की मराठी मजकूर संगणकात कसा शिरला, कोणत्या वेशात शिरला आणि आजही तो तेथे कितपत सुरक्षित आहे, याचा तीन-साडेतीन दशकांचा इतिहास समोर येतो.

पायथन हा विषय संगणकशास्त्र विभागाचा, इतिहासाच्या अध्यापकाने त्यात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखक त्यात स्वेच्छेने पडलेला नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरील एम.फिल.च्या लघुप्रबंधासाठी निलंगा परिसरातील वयोवृद्ध व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या होत्या. प्रबंधाच्या बांधीव प्रतीत त्यांतील केवळ उतारे गेले. पूर्ण मुलाखती एका टंकलेखन केंद्राने दिलेल्या फाइलीत राहिल्या. मुलाखती देणाऱ्यांपैकी बहुतेक जण आता हयात नाहीत. काही वर्षांनी ती फाइल नव्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हे यांच्या रांगा दिसल्या. मराठीचे एकही अक्षर नव्हते. पुढील विवेचनाचा उगम या प्रसंगात आहे.

१९९१ : एक योगायोग

इतिहासात १९९१ हे वर्ष आर्थिक उदारीकरणाचे वर्ष म्हणून शिकविले जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीनेही ते वर्ष विलक्षण आहे. २० फेब्रुवारी १९९१ रोजी नेदरलँडमधील संगणकतज्ज्ञ गिडो व्हान रॉसम यांनी पायथनची ०.९.० ही आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना १९८९ च्या नाताळच्या सुटीत त्यांनी या कामास हात घातला होता. त्याच संस्थेत घडलेली ‘एबीसी’ ही अध्यापनासाठीची भाषा हा तिचा पूर्वावतार. नावाचा अजगराशी संबंध नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी मालिकेवरून ते घेतले आहे.

त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याची कथा वारंवार सांगितली गेली आहे, म्हणून येथे ती विस्ताराने देण्याचे कारण नाही. मात्र त्याच संस्थेतील दुसरे एक काम तुलनेने दुर्लक्षित राहिले. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठी सुरू झालेले संशोधन पुढे सी-डॅककडे आले व ‘जिस्ट’ या नावाने वाढले. या प्रयत्नांतून आकाराला आलेली ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली १९९१ मध्येच भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. तिच्यामागील विचार भाषाशास्त्रीय होता. अक्षर कसे दिसते याला तिने महत्त्व दिले नाही. ते कसे उच्चारले जाते त्या क्रमाने त्याचे घटक साठविले. ‘नि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसली, तरी संगणकात आधी ‘न’ आणि नंतर वेलांटी.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग ‘इस्की’च्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला होता. जगभरातील संगणकांत आज मराठी ज्या क्रमाने साठविली जाते, त्याचे मूळ अशा प्रकारे भारतीय संशोधनात आहे, ही बाब आपल्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते. विसंगती अशी की पायथनच्या मूळ संचात जगातील अनेक संकेतप्रणालींची परिवर्तके असली, तरी ‘इस्की’चे नाही.

दोन समांतर मराठी

मानक १९९१ मध्ये ठरले, परंतु व्यवहार दुसऱ्याच वाटेने गेला. छापखाने, वृत्तपत्रे, शासकीय कार्यालये आणि महाविद्यालये यांना तातडीने सुबक छपाई हवी होती. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा साधनांनी ती गरज उत्तम भागविली. मात्र त्यांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचा एखादा आकार बसविलेला असे. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राहत असे; मराठी हा केवळ फॉन्टने चढविलेला पोशाख होता. फॉन्ट काढला की पोशाख उतरे. प्रत्येक साधनाची आकारांची वाटणी वेगळी असल्याने एकाचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नसे.

या शतकाच्या पहिल्या दशकात आणि त्यानंतरही महाविद्यालयीन नियतकालिके, स्मरणिका, चर्चासत्रांचे इतिवृत्त-ग्रंथ मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने तयार झाले. त्यांच्या पीडीएफ प्रती डोळ्यांना वाचता येतात, पण त्यांत ‘रझाकार’ हा शब्द शोधला तर सापडत नाही. आपल्या पिढीच्या मराठी संशोधनाचा एक मोठा भाग अशा रीतीने शोधयंत्रांच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. वाङ्मयचौर्याची तपासणी करणारी साधनेही तो वाचू शकत नाहीत, याकडे काहींनी सोय म्हणून पाहिले असेल. तो भाग वेगळा.

पायथनमध्येही याच काळात एक द्वैत नांदत होते. ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीत युनिकोडचा अंतर्भाव झाला, पण तो जुन्या घरात काढलेल्या नव्या खोलीसारखा. साधी नोंद ही बाइटांची मालिका होती आणि युनिकोड नोंद हा वेगळा प्रकार होता. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो. ‘निलंगा’मध्ये न, वेलांटी, ल, अनुस्वार, ग आणि काना असे सहा संकेत आहेत. सहा त्रिक अठरा. दुसऱ्या पिढीचे उत्तर अठरा का येई, याचा उलगडा येथे होतो. दोन्ही प्रकार एकत्र आले की कार्यक्रम बंद पडे.

३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या ३.० आवृत्तीने हे द्वैत मोडले. प्रत्येक मजकूर हा युनिकोड मजकूरच असेल आणि बाइट हे वेगळे असतील, असा निर्णय झाला. जुने कार्यक्रम नव्या आवृत्तीत चालेनात. त्यामुळे स्थित्यंतर लांबले व दुसऱ्या पिढीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे संपला. इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या मोठ्या वर्गाला हा बदल अनावश्यक वाटला होता. मराठीच्या दृष्टीने तो कळीचा होता. तिसऱ्या पिढीत चलांची नावे देवनागरीत देता येतात. ‘वेतन’ किंवा ‘पर्जन्यमान’ हे नाव संगणक बिनतक्रार स्वीकारतो. देवनागरी अंकांत लिहिलेली ‘१९४८’ ही नोंद त्याला संख्येत रूपांतरित करता येते. मात्र कार्यक्रमाच्या ओळीत थेट देवनागरी अंक लिहिला, तर तो चूक दाखवितो.

मोडीची हकिकत याहून बोलकी आहे. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडी लिपीला स्थान मिळाले, परंतु संकेतांच्या मूळ पट्ट्याबाहेर. पायथनच्या २०१२ पूर्वीच्या अनेक संचांत अशा बाहेरच्या प्रत्येक वर्णाची गणती दोन अशी होत असे. त्या वर्षीच्या ३.३ आवृत्तीने मजकुराची अंतर्गत साठवण बदलली आणि हा दोष गेला. मोडीच्या वर्णांची नावे व गुणधर्म मात्र पायथनला सप्टेंबर २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून कळू लागले. शतकानुशतके महसुली दप्तरे वाहिलेल्या लिपीला या भाषेत ओळख मिळाली ती इतकी अलीकडे.

महाराष्ट्रातील प्रसार

पायथनचा महाराष्ट्रातील प्रसार बाजारपेठेबरोबरच शैक्षणिक संस्थांतूनही झाला, हे नोंदविले पाहिजे. मुंबईच्या आयआयटीतील विमानशास्त्राचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे ‘मायावी’ या त्रिमितीय आलेखनाच्या पायथन साधनाचे कर्ते. केंद्र शासनाच्या माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण या राष्ट्रीय अभियानांतर्गत तेथे ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला व त्याने महाविद्यालयांत पायथनचा पुरस्कार केला. वैज्ञानिक पायथनची भारतीय परिषद २०११ पासून तेथे भरू लागली. त्याच वर्षी पायकॉन इंडिया ही राष्ट्रीय परिषद पुण्यात झाली. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने छोट्या ध्वनिचित्र पाठांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले. ग्रामीण महाविद्यालयाला याचे मोल अधिक, कारण शिकवणीवर्ग लातुरात आणि विद्यार्थी निलंग्यात, अशी आपली स्थिती असते.

हरवलेले निलंगा

मुलाखतींच्या फाइलीकडे परत येऊ. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी प्रथम आकारांचा तक्ता करावा लागतो : अमुक रोमन चिन्ह म्हणजे अर्धा ‘ग’, अमुक म्हणजे उभा दंड. हा भाग सोपा, पण कंटाळवाणा. लांब संयोग आधी बदलावे लागतात, नाहीतर ‘श्र’चे तुकडे आधीच दुसऱ्या अक्षरात खर्च होतात. खरी अडचण क्रमाची. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, ती नंतर न्यावी लागते. आणि जोडाक्षर असेल तर संपूर्ण जोडाक्षराच्या नंतर. रफार याच्या उलट. ‘वर्षे’ या शब्दात तो डोळ्यांना ‘षे’च्या डोक्यावर दिसतो आणि फाइलीत शेवटी असतो, युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ होऊन ‘ष’च्या आधी जातो. हे सर्व पायथनच्या शे-दीडशे ओळींत बसले. ज्युपिटर या वहीसारख्या साधनात प्रत्येक पायरी लगेच तपासता येत असल्याने संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या माणसालाही ते जमले.

यानंतर मुलाखतींत कोणत्या गावांचा उल्लेख किती वेळा येतो, हे मोजण्याचे ठरविले. त्यासाठी सायकिट-लर्न या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतील शब्दगणनेचे साधन तिच्या मूळ मांडणीत चालविले. कोणतीही चूक दाखविली गेली नाही. सुबक तक्ता तयार झाला. त्यात निलंगा नव्हते. निलंगा तालुक्यातील मुलाखतींत निलंग्याचा उल्लेख शून्य!

कारण शोधता असे आढळले की पायथनच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूलमध्ये ‘शब्दातील वर्ण’ या संकल्पनेत व्यंजने व स्वर येतात, परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त येत नाहीत. ही उणीव २०११ मध्येच विकासकांच्या निदर्शनास आणून दिली गेली होती, ३.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांत मूळ वर्तन तेच आहे. त्यामुळे ‘निलंगा’चे न, ल, ग असे तीन सुटे तुकडे होतात. सायकिट-लर्नचा मूळ नियम एकाक्षरी तुकडे टाकून देतो, म्हणजे इंग्रजीतील ‘ए’सारखे किरकोळ शब्द गळावेत. त्या चाळणीतून निलंगा गळाले.

लातूर जिल्ह्यातील दहाही तालुक्यांची नावे या चाळणीतून घालून पाहिली. लातूर, निलंगा, चाकूर आणि रेणापूर ही चार समूळ नाहीशी होतात. औसाचे ‘औस’, उदगीरचे ‘उदग’, अहमदपूरचे ‘अहमदप’, जळकोटचे ‘जळक’, देवणीचे ‘वण’ उरते. शिरूर अनंतपाळमधील शिरूर जाते आणि ‘अन’ व ‘तप’ हे दोन तुकडे राहतात. दहापैकी एकही नाव अखंड बाहेर येत नाही. ‘नगर’ मात्र सुखरूप राहते, कारण त्याला काना-मात्रा नाही!

येथे इतिहासाच्या अध्यापकाने आपल्या शास्त्राकडे वळावे असे वाटते. बखरीतील आकडा आपण तपासल्याशिवाय घेत नाही. नकलनवीस कोण, नक्कल कधीची, हे विचारतो. संगणकाने दिलेल्या तक्त्याचा नकलनवीस मात्र आपण विचारीत नाही. कार्यक्रम बंद पडला असता तर दोष कळला असता. तो निमूटपणे चुकीचे उत्तर देतो, हा खरा धोका आहे. मराठी मजकुरावर ‘डेटा विश्लेषण’ करणारे प्रकल्प आता पदव्युत्तर वर्गांत होऊ लागले आहेत; त्यांपैकी कितींनी ही चाळणी बदलली असेल, हा प्रश्न मार्गदर्शकांनी स्वतःला विचारावा.

उपाय अवघड नाही. ‘रेजेक्स’ नावाची स्वतंत्र लायब्ररी मात्रांना शब्दाचा भाग मानते आणि ‘निलंगा’चे नि, लं, गा असे तीन घटकही करून देते. शाळकरी मुलाचे उत्तर संगणकाला पहिल्यांदा येथे देता येते. जोडाक्षरांबाबत मतभेद होता : ‘शक्ती’मध्ये हलन्त ‘क्’ वेगळा मोजला जाई. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये देवनागरीसह काही लिप्यांसाठी जोडाक्षर अखंड मानण्याचा नियम आला. आपल्या व्याकरणकारांना यात नवे काही वाटणार नाही.

वर्णक्रमाचाही प्रश्न आहे. पायथन मूळ पद्धतीने अनुक्रम लावतो तो संकेतांच्या क्रमाने, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसला आहे. साहजिकच सूचीत ‘काळ’ हा शब्द ‘काव’च्या आधी येतो. आपल्या परंपरेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर आहे. ‘पायआयसीयू’ ही लायब्ररी मराठी वर्णक्रमाचे नियम पाळते. ग्रंथसूची तयार करणाऱ्यांनी ती पाहावी.

अलीकडील घडामोडी

७ ऑक्टोबर २०२५ रोजी पायथनची ३.१४ ही आवृत्ती आली. संगणकातील अनेक गाभ्यांचा एकाच वेळी उपयोग करू देणारा तिचा पर्यायी संच आता प्रायोगिक राहिलेला नाही. संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांना याचे महत्त्व मोठे. आपल्यासाठी दुसरा एक निर्णय अधिक मोलाचा आहे. विंडोजवर पायथन आजवर फाइल उघडताना त्या संगणकाची स्थानिक संकेतप्रणाली गृहीत धरीत असे व मराठी मजकूर विस्कटत असे. ३.१५ या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच गृहीत धरावे, असा प्रस्ताव स्वीकारला गेला आहे. त्याआधीच्या आवृत्तीत यूटीएफ-८ असे स्पष्टपणे लिहावे लागते. पांडास लायब्ररीतून एक्सेलसाठी तक्ता काढताना ‘यूटीएफ-८-सिग’ ही पद्धत निवडल्यास एक्सेलमध्ये मराठी नीट दिसते. नॅकच्या तक्त्यांत प्राध्यापकांच्या नावांऐवजी विचित्र चिन्हे आली असतील, तर दोष बहुधा येथे असतो.

साधनांच्या बाबतीत, २०२४ मध्ये आलेल्या ‘यूव्ही’ने पायथन व लायब्रऱ्या बसविण्याचे काम बरेच जलद केले. प्रयोगशाळेतील वीस संगणकांवर एकच संच बसवायचा असेल, तर त्याचा उपयोग होतो. लायब्रऱ्यांचे सामायिक भांडार असलेल्या पायपीआयवर फसव्या नावांची धोकादायक पॅकेजे येत असल्याने १ जानेवारी २०२४ पासून खातेदारांना दुहेरी पडताळणी सक्तीची झाली. या भांडाराच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकी विज्ञान प्रतिष्ठानकडे केलेला १५ लाख डॉलरच्या अनुदानाचा प्रस्ताव पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये मागे घेतला. विविधता व समावेशनविषयक उपक्रमांवर बंधने घालणारी अट तिला मान्य नव्हती. फुकट मिळणारी साधने कोणाच्या तरी खर्चावर आणि भूमिकेवर उभी असतात, हे यावरून दिसून येते.

मराठीपुरते सर्वांत उल्लेखनीय काम पुण्यातून झाले आहे. ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२१ मध्ये भावनाविश्लेषणासाठी मराठी ट्विटांचा संग्रह आणि २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ व ‘महाबर्ट’ प्रसिद्ध केले. महाकॉर्पसने सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांची भर घातली. ‘महाएनएलपी’ ही त्यांची पायथन लायब्ररी मोफत उपलब्ध आहे. ही वाक्ये महाजालावरून घेतलेली आहेत, म्हणजेच ती युनिकोडमध्ये होती. जुन्या फॉन्टमधील मराठवाड्याचे संशोधन, स्मरणिका आणि मुलाखती त्यांत असण्याची शक्यता नाही. उद्याची यंत्रे ज्या मराठीवर शिकतील, तिच्यात आपला प्रदेश किती असेल, हे आपल्या कपाटांतील फाइलींवरही अवलंबून आहे.

‘ऱ्य’चा प्रश्न

मुलाखतींचे रूपांतर आता बहुतांशी झाले आहे. एक गाठ मात्र उशिरा सुटली. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द शोधला असता काही मुलाखतींत तो सापडे, काहींत डोळ्यांसमोर असूनही सापडत नसे. युनिकोडमध्ये हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक चिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि पायथनमधील प्रमाणीकरणाची सोयही त्यांना एक करीत नाही. काही मुलाखती फॉन्टमधून रूपांतरित झालेल्या होत्या, काही नव्याने टंकित केलेल्या. टंकनपद्धतीनुसार ‘ऱ्य’ बदलला होता. दुसऱ्या रूपाच्या जागी सर्वत्र पहिले रूप घालणारी एक ओळ कार्यक्रमात वाढविली. त्यानंतर शेतकरी, सावकरी, दरी, पायरी यांची सर्व अनेकवचने आणि विभक्तिरूपे एका शोधात येऊ लागली. मूळ फाइल तशीच जपून ठेवली आहे, कारण एका मुलाखतीतील चौदा ओळींत अजूनही दोन आकारांसाठी एकच रोमन चिन्ह आले आहे, आणि त्या ओळी बोलणाऱ्या आजोबांचा आवाज आठवूनच लावाव्या लागत आहेत.